हलकी आणि सगळ्या कामाची शिकारी रायफल: काडतूस कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की डोंगरात खांद्यावर घेऊन फिरायला एक हलकी बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल घ्यायचीय, स्कोप, पट्टा, काडतुसं सगळं धरून तीन किलोच्या आत बसवायची, शिकार मुख्यतः हरीण आणि रानडुक्कर, तीन-चार वर्षांतून एखादी एल्कची (हरणाच्या कुळातलं खूप मोठं जनावर) ट्रिप, अंतर जास्तीत जास्त ३०० यार्ड, आणि पुढेमागे तुमचा मुलगा (आता १५ वर्षांचा) पण तीच रायफल वापरणार. यादीत ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, .३०८ विंचेस्टर, .२७०, ३०-०६ आणि .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) आहेत. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की एकच रायफल घेणार असाल तर सरळ .३०० घ्या, उद्या काहीही समोर आलं तरी कमी पडायचं नाही.

हा जो शेवटचा सल्ला आहे ना, त्याच्यामुळे एवढं लांब लिहायला बसलोय.

मी वीसेक वर्षं डोंगरात गाइडचं काम करतोय. पाहुणा कितीही अनुभवी असला तरी पहिल्या संध्याकाळी त्याच्या रायफलचा झीरो (ठरलेल्या अंतरावर गोळी स्कोप दाखवतो तिथेच लागते की नाही) बघितल्याशिवाय मी त्याला वर नेत नाही, त्यामुळे दर सीझनला वेगवेगळ्या रायफली, वेगवेगळी काडतुसं आणि मुख्य म्हणजे ती चालवणारी वेगवेगळी माणसं अगदी जवळून बघायला मिळतात. खाली जे सांगतोय ते बरंचसं त्या संध्याकाळींतून आलेलं आहे, थोडं माझ्या स्वतःच्या चुकीतून.

आधी प्रश्न नीट मांडू. तुम्ही विचारताय, यातलं कोणतं काडतूस सगळ्याला पुरेल. तर ३०० यार्डाच्या आत, गोळी बरी असेल आणि जागेवर लागली तर हरणाला-डुकराला तुमच्या यादीतलं एकही काडतूस कमी पडत नाही. एल्कला पण पडत नाही, फक्त ६.५ ला अंतराची मर्यादा घालून घ्यावी, त्यावर पुढे येतो. म्हणजे ताकदीचा प्रश्न तुम्ही यादी केली तेव्हाच सुटलाय. राहिलेला प्रश्न हा आहे की तीन किलोच्या रायफलमधून यातलं कोणतं काडतूस तुम्ही वर्षाला शंभर-दीडशे वेळा न दचकता फायर करू शकाल. जड रायफल घेणाऱ्याला हा प्रश्न एवढा छळत नाही, कारण वजन धक्का खाऊन टाकतं. तुम्ही मात्र वजनच काढून टाकताय, मग तो धक्का जाणार कुठे, तुमच्या खांद्यातच येणार.

हिशोब सोपा आहे. काडतूस तेच, गोळी तीच, पावडर तेवढीच असेल तर मागे येणारा संवेग तेवढाच राहतो, पण रायफल हलकी झाली की ती जास्त वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. .३०८ मधून १६५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळी-पावडरच्या वजनाचं छोटं एकक) गोळी २७०० फूट प्रति सेकंदाने सोडली तर ३.६ किलोच्या रायफलमध्ये साधारण १७ फूट-पाउंड (ऊर्जेचं एकक) धक्का बसतो, तीच रायफल २.९५ किलोची केली की २१ च्या आसपास. साडेसहाशे ग्रॅम वाचवले आणि धक्का जवळजवळ पावपट वाढला. शिवाय रायफल मागे यायचा वेग साधारण साडेअकरा फूट प्रति सेकंदावरून चौदाच्या वर जातो, आणि माणसाला खुपतो तो जास्त करून हा वेग, त्याच्यामुळे "ढकललं" च्या जागी "मारलं" असं वाटायला लागतं.

आता सगळी काडतुसं त्याच २.९५ किलोच्या रायफलमध्ये घालून बघा. ६.५ क्रीडमूर १४० ग्रेन, १६ फूट-पाउंडच्या जवळ. ७ एमएम-०८ १४० ग्रेन, १७. .३०८ १६५ ग्रेन, २१. .२७० १३० ग्रेन, तेवढेच २१. ३०-०६ १८० ग्रेन, २७. .३०० विन मॅग १८० ग्रेन, ३७. पावडरप्रमाणे हे आकडे एक-दोनने इकडेतिकडे होतील पण क्रम बदलायचा नाही. .३०० एवढं वर का जातं, तर त्याच्यात साधारण ७० ग्रेनच्या वर पावडर जळते, .३०८ मध्ये ४४ च्या आसपास, आणि त्या पावडरचा गॅस पण वस्तुमानच आहे, तो गोळीपेक्षा जोरात नळीतून बाहेर पडतो, त्याचा धक्का वेगळा.

माझ्या बघण्यात जे येतं ते सांगतो. १५ ते १८ फूट-पाउंडपर्यंत बहुतेक लोक मजेत सराव करतात, वीस बार झाले तरी अजून मागतात. वीसच्या वर गेलं की सराव आपोआप कमी व्हायला लागतो, कुणी मुद्दाम करत नाही, पण रेंजवर जायचा कंटाळा यायला लागतो. पंचविसाच्या वर बहुतेकांचा नेम बिघडतो आणि त्यांना ते कळत नाही. अपवाद आहेत, ३७ वाला धक्का शांतपणे घेणारी दोन-तीन माणसं मी बघितलीत, पण ती माणसं आधीच जड मॅग्नम रायफलीतून वर्षानुवर्षं शेकडो काडतुसं झाडलेली होती.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक पाहुणा आला, तब्येतीने दणकट, नवी कोरी हलकी रायफल .३०० विन मॅगमध्ये, स्कोपसकट तीन किलोच्या आतच. पहिल्या संध्याकाळी १०० यार्डावर तीन बार, तिन्ही वेगळीकडे, एक सहा इंच खाली डावीकडे. त्याला वाटलं स्कोप हलला. मी मॅगझिन माझ्याकडे घेतलं, त्याला न सांगता खऱ्या काडतुसांत दोन डमी (पावडर नसलेली नकली काडतुसं) मिसळली आणि परत दिलं. डमी आली तेव्हा क्लिक वाजलं आणि नळी चांगली चार बोटं खाली गेली, डोळे मिटलेले. तो स्वतःच बघत राहिला. मी म्हणालो माझी रायफल वापर, तो नको म्हणाला, एवढी नवी आणलीय तर हीच वापरणार. मी तिथे अडून बसायला हवं होतं, बसलो नाही. दुसऱ्या दिवशी १८० यार्डावर आडवं उभं असलेलं हरीण, रेस्ट पक्का, आणि गोळी पोटात. अंधार पडेपर्यंत माग काढला, रक्त पण थेंबाथेंबाने, मग थांबलो, सकाळी सापडलं. त्या जनावराने ती रात्र कशी काढली असेल हे मला अजून आठवतं. ३७ फूट-पाउंडची सगळी ताकद तिथे काही कामाला आली नाही, आणि निम्म्या धक्क्याचं ७ एमएम-०८ फऱ्यामागे लागलं असतं तर ते हरीण शंभर पावलांच्या आत पडलं असतं.

म्हणून डमीची ही टेस्ट तुम्ही पण करा, रायफल घेण्याआधी, मित्राची रायफल घेऊन. डमी दुसऱ्याने भरायची, तुम्हाला क्रम माहीत नको. नळी हलली तर त्या काडतुसाची ताकद तुमच्यासाठी फक्त कागदावर आहे.

मग लोक म्हणतात, मॅग्नम सरळ जातं, लांबच्या नेमाला अंदाज कमी चुकतो. २०० यार्डाला झीरो केलेली रायफल घेतली तर ३०० यार्डावर .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी आठ-साडेआठ इंच खाली पडते, ७ एमएम-०८ साडेसात, ६.५ क्रीडमूर पावणेआठ-आठ, .३०० विन मॅग साधारण सात. तुमच्या अख्ख्या यादीचा फरक दीड-दोन इंचाचा आहे, आणि हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा आठेक इंचाची असते, एल्कची त्याहून बरीच मोठी. लेझर रेंजफाइंडर खिशात असताना या दीड इंचासाठी दुप्पट धक्का घेणं मला पटत नाही. वाऱ्याचं थोडं वेगळं आहे, तिथे लांब सडपातळ गोळीचा फायदा दिसतो, ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर ३०० यार्डावर .३०८ ची गोळी साधारण सहा-सात इंच सरकते आणि ६.५ ची पाचेक इंच. ५०० यार्डावर मारायचं असतं तर हा मुद्दा मोठा झाला असता. ३०० ला नाही.

आता गोळीवर येतो, कारण "सगळ्या कामाची" हा जो शब्द तुम्ही वापरलाय तो काडतुसापेक्षा गोळीकडून जास्त पुरा होतो. जॉन नॉस्लर १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही मोठं हरीण) शिकारीला गेले होते, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे त्या काळातलं चांगलं तगडं काडतूस, आणि चिखलाने माखलेल्या मूसवर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. काडतुसात ताकद भरपूर होती, उलट त्या वेगानेच गोळी फोडली. त्यातून त्यांनी मधे भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो आणि मागचा भाग आत जात राहतो, १९४८ पासून ती विकायला लागली आणि अजून चालते. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण आजही लोक तीच चूक करतात, काडतूस मोठं घेतात आणि त्यात दुकानात मिळेल ती पातळ जॅकेटची (शिशावरचं धातूचं कवच) गोळी.

ढोबळ सांगायचं तर साधी शिशाची-जॅकेटवाली गोळी हरणाला उत्तम, लवकर फुलते, जनावर पटकन पडतं, पण खांद्याच्या हाडावर जवळून लागली तर फुटायची शक्यता. बाँडेड गोळी, ज्यात शिसं जॅकेटला चिकटवलेलं असतं, ती वजन टिकवून धरते, डुकराला आणि एल्कला मी तीच सुचवतो. आणि पूर्ण तांब्याची गोळी, ती जवळजवळ सगळं वजन टिकवते, आरपार जाते, पण फुलायला तिला वेग लागतो, साधारण १८०० ते २००० फूट प्रति सेकंदाच्या खाली ती नीट उघडत नाही, म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घ्यायची, ७ एमएम-०८ ला १२० ग्रेन, .३०८ ला १३० किंवा १५०. हलकी आहे म्हणून घाबरू नका, आत भरपूर जाते. आणि काही ठिकाणी आता पर्याय पण नाही, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तुमच्या ठिकाणी काय आहे ते बघून घ्या.

एक बारीक गोष्ट, जी काडतुसं तुलना करताना लोक विसरतात. आत किती जाणार हे गोळीच्या व्यासावर कमी आणि त्या व्यासाच्या मानाने वजन किती यावर जास्त ठरतं, त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. ७ एमएमची १४० ग्रेनची गोळी आणि .३०८ ची १६५ ग्रेनची गोळी, दोन्हींची सेक्शनल डेन्सिटी एकच आहे, .२४८. म्हणजे बनावट सारखी असेल तर दोघी साधारण सारख्याच आत जाणार, फक्त ७ एमएमवाली खांद्याला चार फूट-पाउंड कमी मारते. ६.५ ची १४० ग्रेन तर .२८७ आहे. ६.५ × ५५ स्वीडिश हे १८९० च्या दशकातलं काडतूस, त्याच्यावर स्कँडिनेव्हियात पिढ्यानपिढ्या मूस पडत आलेत, त्याचं कारण हेच, लांब जड गोळी बेताच्या वेगाने.

नळीचा ट्विस्ट (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचं वळण) पण याच्याशीच जोडलेला आहे. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ काढलं, त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४, दोन्ही ६ एमएम, कागदावर .२४४ थोडं सरसच. पण रेमिंग्टनने नळीला १२ इंचाला एक वळण दिलं आणि विंचेस्टरने १० ला एक, त्यामुळे .२४४ ला १०० ग्रेनच्या जड गोळ्या भरवशाने चालत नाहीत असं लोकांचं मत झालं आणि हरणाला ज्यांना वापरायचं होतं ते सगळे .२४३ कडे गेले. पुढे १९६३ मध्ये रेमिंग्टनने ट्विस्ट बदलून त्याला नवीन नाव दिलं तरी गेलेलं मार्केट परत आलं नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की रायफल घेताना ट्विस्ट विचारा, विशेषतः तांब्याच्या गोळ्या वापरायच्या असतील तर, कारण तांबं शिशापेक्षा हलकं, त्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला वळण जास्त लागतं. ६.५ क्रीडमूरला सहसा ८ ला एक असतो, ७ एमएम-०८ ला सव्वानऊ-साडेनऊ, .३०८ ला १० किंवा १२, मी १० घेईन.

इथपर्यंतचं एका वाक्यात म्हणजे, हलक्या रायफलमध्ये धक्क्याने यादी लहान होते, गोळी किती खाली पडते याने ३०० यार्डात फारसा फरक पडत नाही, आणि मोठ्या जनावराची सोय गोळी बदलून होते. आता एकेक काडतूस.

.३०० विन मॅग (१९६३) मला स्वतःला आवडतं, पण चार किलोच्या रायफलमध्ये आणि लांबच्या अंतराला. तुमच्या कामाला नको. त्याला नळी पण लांब लागते, छोटी केली की वेग जास्त घसरतो आणि आवाज-ज्वाळा वाढते, मग हलक्या रायफलचा हेतूच जातो.

३०-०६ बद्दल मला थोडं जड अंतःकरणाने लिहावं लागतंय, कारण माझी पहिली हलकी रायफल तीच होती. १९०६ पासूनचं काडतूस, ११० पासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात, सगळ्या कामाचं म्हणाल तर याच्यासारखं दुसरं नाही. मी १८० ग्रेन वापरायचो. तीन सीझन झाल्यावर माझ्या वहीत बघितलं तर पहिल्या वर्षी सरावाचे १४० बार, दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी २५ पण नाही, आणि बसून मारलेले ग्रुप (एका निशाण्यावर पडलेल्या छिद्रांचा घोळका) दरवर्षी मोठे झालेले. मी टाळत होतो आणि मला ते वही उघडेपर्यंत कळलं नव्हतं. १५० ग्रेन वापरून धक्का कमी करता येतो, करतात लोक, पण मग .३०८ मध्ये काय वाईट होतं असा प्रश्न येतो. शिवाय ॲक्शन (काडतूस भरणारी आणि उडवणारी यंत्रणा) अर्धा इंच लांब. लोक शॉर्ट ॲक्शनने खूप वजन वाचतं असं म्हणतात, तसं काही नाही, फरक शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा कमीच असतो, त्यामुळे हा मुद्दा एकट्याने निर्णय बदलायला पुरेसा नाही. .२७० (१९२५) याच कुटुंबातलं, सरळ जातं, हरणाला अप्रतिम, पण धक्का .३०८ एवढाच आणि २२ इंचापेक्षा छोट्या नळीत त्याची मजा कमी होते.

.३०८ (१९५२) घेतलंत तर मी तुम्हाला चुकलात म्हणणार नाही. छोट्या नळीत छान चालतं, गोळ्यांची निवड प्रचंड, आणि जगात कुठेही गेलात, सामान हरवलं, तर काडतूस मिळायची शक्यता याचीच सगळ्यात जास्त. १५० ग्रेनची बाँडेड किंवा १३० ची तांब्याची गोळी वापरली तर धक्का पण अठरा-एकोणीसवर येतो. तुम्ही बरेच फिरणार असाल, वेगवेगळ्या ठिकाणी शिकार करणार असाल, तर हेच घ्या आणि पुढचं वाचायची पण गरज नाही.

६.५ क्रीडमूर (२००७) धक्क्याला सगळ्यात सौम्य, अचूक, आता काडतुसं पण सगळीकडे दिसतात. हरीण-डुकराला निवांत. एल्कला मी पाहुण्यांना २०० ते २५० यार्डाची मर्यादा घालतो, बाँडेड किंवा तांब्याची गोळी, आणि जनावर आडवं उभं असेल तरच. काही लोक याच्याहून लांब मारतात, मारोत, पण तिरप्या उभ्या एल्कच्या जाड खांद्यातून जायचं असेल तेव्हा मला थोडी जास्त वजनाची गोळी हवी असते. एल्क तुमच्यासाठी चार वर्षांतून एकदा आहे, तेव्हा ही मर्यादा पाळायला जड जाऊ नये.

आणि ७ एमएम-०८ (१९८०), जे मी स्वतः गेली ११ वर्षं वापरतोय आणि तुम्हाला पण हेच सुचवतो. .३०८ चीच केस (काडतुसाचं पितळी कवच), तोंड ७ एमएमला आवळलेलं. कामगिरी म्हणाल तर १८९० च्या दशकातल्या ७ × ५७ माउझरच्या अगदी जवळ, आणि त्या काडतुसाने शंभर वर्षांत काय काय पाडलं ते वेगळं सांगायला नको. १४० ग्रेनची गोळी छोट्या २० इंची नळीतून पण २७०० फूट प्रति सेकंदाच्या वर सुटते, ३०० यार्डावर अजून २१०० च्या आसपास असते, म्हणजे तांब्याची गोळी पण नीट उघडते. धक्का ६.५ पेक्षा जेमतेम एक फूट-पाउंड जास्त, आणि आत जाणं १६५ ग्रेनच्या .३०८ एवढं. माझ्या रायफलमधून मी हरणं, डुकरं आणि चार एल्क घेतलेत, सगळ्यात लांबचा एल्क २६० यार्ड, १४० ग्रेन बाँडेड, दोन्ही फुप्फुसातून आरपार, साठेक पावलं चालला. याची खरी अडचण एकच, दुकानात काडतुसांची निवड .३०८ किंवा क्रीडमूरएवढी नसते. मी दरवर्षी सीझनच्या आधी एकाच लॉटची काडतुसं एकदम घेऊन ठेवतो, वर्षभराचा सराव आणि शिकार धरून. तुम्हाला ते जमणार नसेल तर .३०८ कडे वळा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिला कायदा, जिथे शिकार करणार तिथला, परवान्यासोबत. जर्मनीत रानडुक्कर किंवा रेड डिअरला किमान ६.५ एमएम आणि १०० मीटरवर २००० जूल लागतात, छोट्या रो डिअरला मात्र १००० जूल पुरतात, म्हणजे .२४३ तिथे डुकराला चालतच नाही, ताकद असो नसो. स्वीडनमध्ये मूसला ९ ग्रॅमची गोळी असेल तर १०० मीटरवर २७०० जूल, पण १० ग्रॅम किंवा वर असेल तर २००० चालतात, म्हणूनच तिकडे ६.५ × ५५ मध्ये १५६ ग्रेनची, म्हणजे १०.१ ग्रॅमची गोळी एवढी दिसते. इंग्लंडमध्ये हरणाला साधारण .२४० च्या खालचं कॅलिबर चालत नाही, आणि ऊर्जा १७०० फूट-पाउंड लागते. काडतूस ठरवायच्या आधी हे बघा, नंतर नाही. दुसरं, मोठ्या अस्वलांचा वावर असलेल्या भागात नेहमी जाणार असाल तर माझं उत्तर बदलतं, तिथे मी रायफल अर्धा किलो जड करून ३०-०६ आणि जड गोळी घेईन. तिसरं, तुमची एल्क ट्रिप चार वर्षांतून एकदाची दरवर्षीची झाली तर .३०८ आणि ७ एमएम-०८ मध्ये तोल थोडा .३०८ कडे झुकतो.

धक्का कमी करायला लोक मझल ब्रेक (नळीच्या टोकाला बसवायचा, गॅस बाजूला सोडणारा तुकडा) लावतात. काम करतो तो, पण आवाज बाजूला फेकतो, आणि शिकारीत कुणी प्रत्येक वेळी कानात काही घालत नाही. माझ्या उजव्या कानातली शिट्टी एका पाहुण्याच्या ब्रेकची आहे, पंधरा वर्षं झाली, गेली नाही. कृपा करून गाइडच्या शेजारी ब्रेक घेऊन येऊ नका. सायलेन्सर जिथे कायदेशीर आहे तिथे चांगला, धक्का पण कमी होतो, कान पण वाचतात, फक्त पुढे तीनशे-चारशे ग्रॅम वाढतात, मग नळी १८ इंची घ्या. या काडतुसांत नळी एक इंच कमी केली की वीस-पंचवीस फूट प्रति सेकंद जातात, त्याने जनावराला काही कळत नाही.

रायफल निवडताना स्टॉककडे नीट बघा, सरळ कण्याचा, मागे चांगलं मऊ रिकॉइल पॅड, आणि लांबी तुमच्या हाताला बसणारी. वाकड्या स्टॉकची हलकी रायफल गालावर मारते आणि ते खांद्यापेक्षा वाईट. स्कोप डोळ्यापासून किमान साडेतीन इंच लांब राहील असा घ्या, भुवईवर अर्धचंद्र उमटलेली माणसं मी बरीच बघितलीत आणि त्या एका माराने माणूस पुढचे दोन सीझन दचकतो. पातळ नळी तीन बारांत तापते आणि ग्रुप उघडायला लागतो, ते रायफलचं दुखणं नाही, तीन मारा, थंड होऊ द्या, परत मारा. तुम्हाला महत्त्वाचा आहे तो थंड नळीतून निघालेला पहिला बार. आणि सराव बेंचवर बसून करू नका, झीरो झाला की बेंच सोडा, बसून, गुडघ्यावर, पाठपिशवीवर टेकून, दम लागलेला असताना. बेंचवर धक्का पण सगळ्यात जास्त लागतो, कारण शरीर मागे जायला मोकळं नसतं.

मुलाचं राहिलं. त्याला थेट याच्यावर आणू नका, आधी .२२ रिमफायरवर (छोटं, अगदी कमी धक्क्याचं काडतूस) चांगली पाचशे काडतुसं झाडू द्या, ट्रिगर आणि श्वास तिथेच शिकतो. मग ७ एमएम-०८ ची कमी धक्क्याची फॅक्टरी काडतुसं मिळतात, १२० ग्रेनची, ती द्या, आणि ज्या स्टॉकमध्ये स्पेसर काढून लांबी कमी करता येते असा स्टॉक घ्या म्हणजे तो वाढेल तसा वाढवता येईल. कानावर मफ आणि आत प्लग, दोन्ही, कारण मुलं धक्क्यापेक्षा आवाजाला जास्त दचकतात. आणि मोठ्या काडतुसावरचा पहिला दिवस पाच बारांवर थांबवा, त्याने अजून मागितले तरी.